तक्रार नाही

थोरली धाकट्या भावाच्या संस्थेत ठरलेल्या वेळेच्या तासभर आधीच जाऊन बसली. घरी थांबून घड्याळ बघत राहणं आता तिला झेपत नव्हतं.

मावशीला जाऊन सोळा दिवस झाले होते. त्या दिवसांत घरात माणसांची रीघ लागली होती, दारात चपलांचा ढीग, फोनला उसंत नाही. जो तो मावशीबद्दल बोलून मोकळा झाला. थोरलीच्या मनात मात्र भलतंच एक वाक्य अडकून बसलं. धाकट्याला तिनं तीन दिवसांसाठी आपल्याकडे आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मी पाणी पिऊ का?"

चौपन्न वर्षांचा माणूस. याच घरात तो अकरा वर्षं राहिला होता, कुठल्या फळीवर काय असतं ते तिच्यापेक्षा त्याला जास्त पाठ. ती म्हणाली, पी की, विचारतोस काय. त्यानं पेला भरला, उभ्याउभ्या प्यायला, विसळला, उपडा घातला. मग तिथंच उभं राहून पुन्हा विचारलं, "आता बसू का?"

तेव्हापासून तिचं लक्ष कशात लागत नव्हतं.

धाकट्याला एकोणिसाव्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले. आई होती तोवर आईनं केलं, मग थोरलीनं. लग्न मोडून परत आलेली बहीण आणि आजारी भाऊ, दोघांनी एकमेकांना सांभाळलं असंच लोक म्हणायचे, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं. पण असं सांभाळण्याच्या अकराव्या वर्षी ती जिन्यात कोसळली. डॉक्टरांनी दोन महिने अंथरूण सांगितलं, आणि त्या दोन महिन्यांत सगळ्यांना कळून चुकलं की हे गाडं एकटीच्या खांद्यावर ओढलं जात होतं. मग मधल्या भावानं सूत्रं हातात घेतली. पूल बांधणारा माणूस तो. चौदा ठिकाणं बघितली, वहीत खुणा केल्या आणि हे घर शोधून काढलं. इस्पितळ नाही, वसतिगृहही नाही. मनाच्या आजारातून सावरलेली पण एकट्यानं राहणं न जमणारी आठ मोठी माणसं, प्रत्येकाला आपापली खोली, आणि स्वयंपाकाला, बाजारहाटाला, गोळ्यांची आठवण करायला मदतीची माणसं. करून द्यायचं नाही, करायला मदत करायची, असं त्या लोकांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

पहिली पाच वर्षं सोन्यासारखी गेली. तिथं मास्तर नावानं ओळखला जाणारा एक मदतनीस होता, आधीचा न्हावी. त्यानं धाकट्याला केस कापायला शिकवलं. दर रविवारी धाकटा मागच्या अंगणात खुर्ची टाकायचा आणि सगळ्यांचे केस कापायचा. एकदा मधल्याचेही कापले, एका बाजूनं बोटभर जास्तच. मधला तसाच कामावर गेला आणि कामगारांना म्हणाला, नवीन पद्धत आहे, तुम्हाला नाही कळायची. पुढे दोन वर्षांपूर्वी संस्था दुसऱ्यांच्या हाती गेली, मास्तर सोडून गेला आणि कात्री कुलपात गेली. आता सगळ्यांच्या डोक्यावरून एकच मशीन फिरायचं.

हे सगळं थोरलीला माहीत होतं. माहीत असून ती गप्प बसली होती. माणूस दमला की त्याला चांगली बातमी खरी वाटायला लागते, तसं तिचं झालं होतं.

आज वर्षाची आढावा बैठक होती. येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या बाईला थोरलीनं विचारलं, धाकट्याची रोजची नोंदवही बघता येईल का. बाईनं मान वर केली. कुणी नातेवाईक ती मागत नसावेत. पण नियमात बसत होतं. सही घेऊन तिनं वही पुढे सरकवली.

थोरलीनं छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी डोळ्यांची खोड जात नव्हती. औषधाच्या चिठ्ठीतला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा तिला टोचायचा. पहिल्याच पानावर तिला एक काना कमी दिसला. 'रात्री झोप समाधनकारक. नाश्ता घेतला. गटकामात सहभाग. मनःस्थिती स्थिर. तक्रार नाही.' तिनं सवयीनं मनातल्या मनात काना दिला आणि पान उलटलं. दुसऱ्या दिवशीही समाधनकारक. तिसऱ्या दिवशी शाई वेगळी, अक्षर वेगळं, तरी समाधनकारक. चष्मा पुसून तिनं पुन्हा सुरुवातीपासून बघायला घेतलं. एक माणूस चुकतो तेव्हा त्याला आपली चूक माहीत नसते. तीन माणसं तीच चूक करतात तेव्हा ती वरच्या ओळीवरून खाली उतरवत असतात. छापखान्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

बहात्तर दिवस तेच. मग तिला काहीतरी सुचलं आणि तिनं मावशीच्या तारखा काढल्या.

ज्या दिवशी सकाळी मावशीला नेलं, त्या दिवशी धाकटा तिच्या उशाशी उभा होता. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला होता आणि तो काढायला त्याला कुणी सांगू शकलं नव्हतं. तो रडला, आवाज न करता, गंजीचा गळा भिजेपर्यंत. त्या दिवशीच्या पानावर लिहिलं होतं: नाश्ता घेतला. गटकामात सहभाग. मनःस्थिती स्थिर. तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तीन दिवस तो त्या घरात नव्हताच, आणि तीन दिवस त्यानं गटकामात सहभाग घेतला होता.

तिला वाटलं होतं आपल्याला राग येईल. पण राग यायलाही अंगात जोर लागतो. ती फक्त वहीवर हात ठेवून बसून राहिली.

मधला आला तो बायको आणि मुलीला घेऊनच. बायकोचं औषधांचं दुकान. सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून वयानं मोठी असूनही थोरलीही वहिनीच म्हणायची, आणि अठ्ठावीस वर्षं तिच्याशी 'तुम्ही' करून बोलायची. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा, आई गेल्यावर, धाकट्याला कुणी ठेवायचं यावर घरात बैठक झाली होती. वहिनीनं सरळ सांगितलं होतं, मला जमणार नाही. तो नकार थोरलीनं जपून ठेवला होता. त्यांची मुलगी मात्र लहानपणापासून थोरलीच्याच घरात जास्त नांदली. आता सत्तावीसची झाली, बँकेत लागली, तरी घरात तिला चिमणीच म्हणत.

"काका कुठंय?" चिमणीनं आल्याआल्या विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती त्याच्या खोलीकडे गेली.

भेटीच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर चौकटीत लावलेलं प्रशस्तिपत्र. थोरलीनं वही मधल्यापुढे ठेवली आणि काही न बोलता ती तीन पानं उघडली. त्यानं वाचलं. वाचून झाल्यावर वही मिटली, जरा जास्तच हलक्या हातानं.

लिहिणारी माणसं कंटाळा करतात, तो म्हणाला. सगळीकडे करतात. कागद म्हणजे घर नव्हे. धाकटा जेवतोय, स्वच्छ आहे, दोन वर्षांत एकदाही इस्पितळात न्यावं लागलेलं नाही, हे बघ ना.

"तुझ्या पुलावर कुणी असं लिहिलं तर?" थोरलीनं विचारलं. "काँक्रीट न ओतता, ओतलं म्हणून?"

मधल्यानं वही तिच्याकडे परत सरकवली. नातेवाइकांच्या समितीत तो होता. दरवर्षी तिथले कागद त्याच्या सहीनं पुढे जायचे. हे घर त्यानं निवडलं होतं. या घराला नाव ठेवणं म्हणजे त्याच्या चौदा फेऱ्यांना नाव ठेवणं.

"बरं, मग काय करायचं?" तो शेवटी म्हणाला, खालच्या आवाजात. "उचलून न्यायचं? कुणाकडे, ताई?"

या प्रश्नाला त्या कुटुंबात पस्तीस वर्षं उत्तर नव्हतं. थोरलीचे गुडघे गेले होते, छातीत अधूनमधून चमक यायची, ती तिनं अजून कुणाला सांगितली नव्हती. मधला तर महिन्यातले पंधरा दिवस गावोगाव. ती खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या इमारतीत कुणी गच्चीवर चादरी वाळत घालत होतं.

वहिनी इतका वेळ दाराशी उभी होती. ती बाहेर गेली आणि हातात एक कागद घेऊन परत आली. गोळ्या कधी दिल्या त्याचा तक्ता होता. दुकानात चिठ्ठी वाचावी तसं बोट ठेवून ती तो खालपर्यंत वाचत गेली.

"झोपेची गोळी साडेपाचला देतात," ती म्हणाली.

मधला म्हणाला, असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल.

"डॉक्टरांनी 'झोपताना' लिहिलंय. इथं वर आहे बघा. आणि ही एकट्या भावजींची गोष्ट नाही. बाहेर फळ्यावर आठही नावं आहेत. सगळ्यांना साडेपाच." तिनं कागद टेबलावर ठेवला. "संध्याकाळी कामावर किती माणसं असतात, ते मी त्या बाईंना विचारलं. सहानंतर एक. आठजण साताला झोपले की एक पुरतो."

मग थोरलीला आठवलं. मावशीच्या दिवसांत माणसांनी भरलेल्या घरात, भर उजेडात, धाकटा गोळी मागत होता. तिला वाटलं होतं, गर्दीनं बिथरला असेल.

मधला बायकोवर चिडला. तू यात पडू नकोस म्हणाला, तुझा काय संबंध. थोरलीच्या जिभेवरही क्षणभर तेच होतं, हे तिचं तिला कळलं. वहिनीनं खुर्ची ओढली आणि ती थोरलीच्या समोर बसली.

"ताई, मी तेव्हा नाही म्हटलं होतं. आजही कुणी विचारलं तर नाहीच म्हणेन, माझ्याच्यानं झालं नसतं. पण त्यांना साडेपाचला झोपवून टाका, असं मी कधीच म्हटलं नव्हतं."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. तीही पंचावन्नची झाली होती, केसांच्या मुळाशी पांढरा पट्टा, दिवसभर उभं राहून सुजलेले पाय. या बाईनं निदान तोंडावर नाही म्हटलं होतं. बाकीच्यांनी हो-हो म्हणून काखा वर केल्या होत्या.

"वहिनी," थोरली म्हणाली, "बैठकीत तू माझ्या शेजारी बस."

'तू' ऐकून वहिनीनं नुसती मान हलवली. मधल्यानं मात्र दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, आपली बाजू कधी रिकामी झाली ते न कळल्यासारखं.

व्यवस्थापिका चाळिशीच्या आतली होती, डोळ्यांखाली काळं, बोलणं मऊ. तिनं अहवाल वाचायला घेतला. तपासणीत शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण. स्वच्छता उत्तम. आहार उत्तम. गेल्या वर्षात एकही तक्रार नाही. ती वाचत असताना थोरलीनं वही टेबलावरून तिच्याकडे सरकवली आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, हे तीन दिवस आमचा भाऊ आमच्याकडे होता.

व्यवस्थापिकेनं वाचणं थांबवलं. वही बघितली, मागची दहाबारा पानं चाळली. ती काहीतरी कारण सांगेल, लिपिकाच्या माथी मारेल, असं सगळ्यांना वाटलं. पण तिनं अहवाल बाजूला ठेवला.

संध्याकाळच्या पाळीला तीन माणसं हवीत, ती म्हणाली, आहे एक. दिवसा पाच हवीत, आहेत दोन आणि ती स्वतः. जो असतो तो जेवण गरम करतो, आठजणांचे कपडे बघतो, कुणाला बरं नसलं तर त्याच्यापाशी बसतो, आणि शेवटी दहा मिनिटांत आठ वह्या भरतो. वही कोरी राहिली तर गुण जातात. गुण गेले तर संस्थेची मान्यता जाते.

"वही पूर्ण आहे का, ते तपासायला येतात," ती म्हणाली. "माणसं पूर्ण आहेत का, ते कुणी विचारत नाही."

आता मधल्याला जोर आला. हे तुम्ही समितीला कळवायला नको होतं का, त्यानं विचारलं, आम्ही काय शोभेला बसलो आहोत का.

"कळवलं होतं, साहेब. गेल्या बैठकीच्या इतिवृत्तात आहे. चौथा मुद्दा." तिलाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं. "खाली तुमची सही आहे."

मधल्याचा चेहरा थोरलीनं लहानपणी एकदा असा पाहिला होता, त्यानं बांधलेल्या खेळण्यातल्या पुलावरून आईचा पितळी डबा गडगडत खाली गेला तेव्हा. त्यानं न वाचता सही केली होती. तिच्या मनात आलं, बोलावं. बोलायला जागाही होती. पण आपणही सात वर्षं दर रविवारी इथं येत होतो, आणि ही वही आज पहिल्यांदा मागितली. आपलेच दात, आपलेच ओठ. ती बोलली नाही.

तेवढ्यात चिमणी धाकट्याला घेऊन आली. मशीन फिरवलेलं डोकं, स्वच्छ सदरा, पायांत दुसऱ्याच कुणाच्या चपला. चालताना पाय उचलत नव्हता, सरकवत होता. खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

"बसू का?"

"बस रे, काका," चिमणी म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले आणि कुणालाच सुरुवात सुचेना. तेव्हा मधला बोलला. का बोलला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कदाचित त्या सहीपासून लांब जायचं होतं.

"ताई म्हणते, तुला घरी न्यावं. तिच्याकडे. जायचंय का तुला?"

थोरली असं म्हणालीच नव्हती. तिला वाटलं आपली ऐकण्यात चूक झाली. मग कळलं, चूक नाही. आता नाही म्हणावं तर त्याच्यासमोर म्हणावं लागणार, आणि हो म्हणावं तर पुन्हा तो जिना, ती रात्रीची जाग, दाराच्या कडीवर ठेवलेला कान. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. टेबलाखालून वहिनीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

धाकटा लगेच बोलला नाही. औषधानं त्याचे शब्द सावकाश यायचे, दूरच्या खोलीतून एकेक वस्तू आणून ठेवावी तसे.

"घरी नको," तो म्हणाला.

मग बऱ्याच वेळानं, "ताईकडे मी पाहुणा असतो. सगळे हळू बोलतात. ताई रात्री येऊन बघते, मी श्वास घेतोय का. मला कळतं. मग मला झोपता येत नाही, तिलाही येत नाही."

चिमणीनं आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"इथं माझी खोली आहे. आतून कडी होती. ती काढली." तो आठवत होता. "आणि इथं संध्याकाळ नाही."

"म्हणजे काय, काका?"

"गोळी देतात, मग सकाळ होते. संध्याकाळ मधे येतच नाही. मला दिवे लागलेले बघायचे असतात. समोरच्या बिल्डिंगमधे एकेक लागतो. पहिल्यांदा दुसरा मजला, मग तळमजला. आधी मी मोजायचो." तो व्यवस्थापिकेकडे वळला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "बाई, तुमची चूक नाही. तुम्ही पण दमता. पण मला संध्याकाळ पाहिजे."

व्यवस्थापिकेनं कागद सरळ करायला घेतले. ते सरळच होते.

त्यानंतर जे झालं ते बैठकीसारखं नव्हतं. वहिनीनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. दुकानदाराच्या आवाजात, एकही शब्द वाया न घालवता, विचारलं, की साडेपाचची गोळी तुम्ही सांगितली होती का. त्यांनी सांगितली नव्हती. नऊला द्या, म्हणाले. व्यवस्थापिका म्हणाली, मी आजपासून नऊ लिहिते, पण आठजण नऊपर्यंत जागे राहिले तर एकट्या माणसानं काय करायचं, तेही सांगा. हा प्रश्न खरा होता. वहिनी म्हणाली, आज मी थांबते. उद्याचं उद्या बघू. चिमणी म्हणाली, उद्या मी येते, बँकेतून सुटल्यावर. बाकीच्या सातजणांच्या घरच्यांना फोन करायचं कामही तिनंच अंगावर घेतलं.

मधल्यानं कागद मागितला. देखरेख करणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहायला बसला, समितीचा सदस्य म्हणून, स्वतःच्या नावानं. आधीच्या सहीचाही त्यात उल्लेख केला: चौथा मुद्दा मी वाचला नव्हता. ते वाक्य लिहिताना त्याचं पेन दोनदा थांबलं. लिहून झाल्यावर त्यानं व्यवस्थापिकेला विचारलं, तुमचं नाव वगळू का, तुम्हाला त्रास होईल. पाण्यात राहून माशाशी वैर कुणी करत नाही, हे त्याला कळत होतं.

तिनं पत्र ओढून घेऊन आपलं नाव कुठं आहे ते बघितलं. मग म्हणाली, "राहू दे नाव. काढलं तर काढतील. मला पण घरी जाऊन एकदा आठ तास झोपायचंय."

त्या पत्राचं पुढे जे झालं ते काही एका फटक्यात झालं नाही. चौकशीला माणसं यायला दीड महिना गेला, संध्याकाळी दुसरा मदतनीस मिळायला चार. व्यवस्थापिकेला मधे एक खुलासा द्यावा लागला. खोलीची कडी तेवढी चारच दिवसांत बसली, कारण ती मधल्यानं स्वतः येऊन बसवली. पण त्या दुपारी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. त्या दुपारी फक्त एवढं झालं, की पाच वाजता धाकटा उठला, कुणाला न विचारता स्वयंपाकघराकडे गेला, दार बंद दिसल्यावर तिथंच थांबला, आणि व्यवस्थापिकेनं कमरेची किल्ली काढून दार उघडलं. त्यानं सगळ्यांसाठी चहा टाकला. साखर जास्त पडली. सगळ्यांनी प्यायला.

सहाच्या सुमारास मधला थोरलीला सोडायला निघाला. वहिनी मागे राहिली. निघताना थोरलीनं पाहिलं, ती धाकट्याशेजारी बाकावर बसली होती, चपला काढून, पाय लांब करून. दोघं समोरच्या इमारतीकडे बघत होते.

रस्त्यावर कार्यालयं सुटल्याची गर्दी होती. गाडी पावलापावलानं चालली होती. पहिला चौक मागे पडला.

"मी खोटं बोललो तिथं," मधला म्हणाला. "तू न्यायचं म्हटलं नव्हतंस."

"नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? त्याच्यासमोर?"

पुढची गाडी दोन हात सरकली, मधल्यानंही सरकवली. थोरलीच्या छातीवर काहीतरी होतं आणि ते चमकेचं नव्हतं. पस्तीस वर्षं ज्या माणसासाठी आपण जगलो असं लोक म्हणतात, त्याच्याबद्दल हे कुणाजवळ बोलायचं, हा प्रश्नच होता. आईजवळ बोलता आलं नसतं. मावशीजवळ आलं असतं, पण ती नव्हती.

"तो घरी नको म्हणाला ना," ती समोर बघत म्हणाली, "तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. इतकं, की बसल्या जागी झोप येईल असं वाटलं. बहीण म्हणवते स्वतःला."

मधल्यानं आरसा उगाच नीट केला. ती ओशाळली. बोलायला नको होतं असं तिला वाटलं.

"मी देवाला म्हणत होतो, तो नको म्हणू दे," तो म्हणाला. "विचारून टाकलं आणि मनात तेच म्हणत होतो. तू हो म्हणालीस तर तू मरशील, आणि तू नाही म्हणालीस तर मला न्यावं लागेल. एवढंच चाललं होतं डोक्यात. त्याचं काहीच नव्हतं त्यात."

"आणि तो म्हणाला, तुम्ही पण दमता."

"आपल्याला नाही म्हणाला ते. त्या बाईंना म्हणाला."

"हो. आपल्याला नाही म्हणाला," थोरली म्हणाली, आणि तिला हसू आलं. अगदी थोडं, पण ते मधल्यालाही लागलं. मग दोघंही हसले, पस्तीस वर्षांत न बोललेलं चुकून तोंडातून गेल्यावर हसतात तसे, आणि हसता हसता मधल्याला बाहीनं डोळे पुसावे लागले.

नंतर त्यानं दिवस वाटून घेतले. मंगळवारी तू, शुक्रवारी मी, मधे चिमणी. सांगून जायचं नाही, थोरली म्हणाली. नाही, सांगून नाही, तो म्हणाला.

तिच्या दाराशी गाडी थांबली. थोरली उतरली नाही. तिला गुडघे दुखत होते, आणि वर जाऊन दिवा लावायचा, कुकर लावायचा, एवढंसुद्धा तिच्यानं होईलसं वाटत नव्हतं. तिनं डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. मधला तिला हाक मारणार होता, पण त्यानं मारली नाही. इंजिन बंद केलं, आपल्या बाजूची काच थोडी खाली केली आणि बहिणीला जाग येईपर्यंत तिथंच बसून राहिला.